१८ ऑगस्ट १८६८, हेलियम आणि विजयदुर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टचा दुसरा आठवडा लागला की शाळेच्या परिपाठासाठी, वाचनालयाच्या फलकासाठी किंवा व्हॉट्सॲपवरच्या गटासाठी दिनविशेष जमवणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. बहुतेक सगळे एका ओळीभोवती फिरतात: "१८ ऑगस्ट १८६८ – लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला." या ओळीतली तारीख खरी, किल्ला खरा, माणूसही (इंग्रज खगोलज्ञ नॉर्मन लॉकियर) खरा. फक्त तिघांची गाठ त्या दिवशी पडलेली नव्हती.

१. त्या दिवशी नेमकं घडलं काय?

मंगळवारी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची सावली एडनवरून अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली, दख्खन पार करून मछलीपट्टणपाशी बंगालच्या उपसागरात उतरली आणि पुढे सयामकडे (आजचे थायलंड) गेली. खग्रास स्थिती सर्वांत जास्त टिकली ती सयामच्या आखातात, ६ मिनिटे ४७ सेकंद. गुंटूरलाही ती पाच मिनिटांहून जास्त होती. खग्रास ग्रहण बहुधा दोन-तीन मिनिटांत आटोपते, तेव्हा ही चैनच म्हणायची.

पण या ग्रहणाचे महत्त्व केवळ लांबीमुळे नाही. किरखोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६०मध्ये दाखवून दिले होते की प्रत्येक मूलद्रव्य तापले की वर्णपटात, म्हणजे उजेड फोडून मिळणाऱ्या रंगपट्ट्यात, ठरावीक जागी रेषा देते. त्यानंतर खग्रास सूर्याकडे वर्णपटदर्शी (वर्णपट पाहण्याचे उपकरण) रोखण्याची पहिली भरघोस संधी ही होती. चंद्राच्या काळ्या चकतीच्या कडेने दिसणाऱ्या लाल ज्वाला, म्हणजे तेजःशृंगे, कशाच्या असतात हे तोवर ठाऊक नव्हते. त्या सकाळी वेगवेगळ्या ठिकाणच्या निरीक्षकांना त्यांच्या वर्णपटात सलग रंगपट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. याचा अर्थ त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या. त्या दिवसाचा निर्विवाद शोध हाच, आणि दिनविशेषात नेमका तोच गळालेला असतो.

२. मग हेलियम त्या दिवशी सापडला की नाही?

हेलियमची रेषा दिसली, हेलियम ओळखला गेला नाही. तेजस्वी रेषांमध्ये एक पिवळी होती. सोडियमच्या प्रसिद्ध 'डी' रेषा तिथेच असतात, त्यामुळे ही सोडियमचीच असे बहुतेकांनी धरले. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला होते. त्यांनी ती 'डी'च्या जागी किंवा तिच्याजवळ अशी नोंदली. ग्रहणाच्या धावपळीत त्याहून बारीक मोजणे अवघडच होते.

ही रेषा सोडियमची नाही हे ऑक्टोबर १८६८मध्ये लॉकियर यांनी मोजून दाखवले. नवीन मूलद्रव्याची कल्पना आणि 'हेलियम' हे नाव पुढच्या दोन-तीन वर्षांतले. प्रत्यक्ष वायू हाती यायला १८९५ साल उजाडले (पाहा प्रश्न १०). म्हणून "१८ ऑगस्टला हेलियमचा शोध लागला" यापेक्षा "हेलियमची रेषा प्रथम दिसली" हे बरोबर.

३. लॉकियर तेव्हा विजयदुर्गावर होते ना?

नाही. नॉर्मन लॉकियर १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाशिवायही तेजःशृंगांचा वर्णपट दिसायला हवा असे त्यांना आधीपासून वाटत होते. पण त्यासाठी सांगितलेला ताकदीचा वर्णपटदर्शी तयार होऊन हाती यायला ऑक्टोबर लागला. २० ऑक्टोबरला त्यांनी घरच्या दुर्बिणीतून त्या रेषा पाहिल्या. ग्रहणाची किंवा किल्ल्याची त्यांना गरजच पडली नाही.

ग्रहणासाठी ते भारतात आले, पण नंतर: १२ डिसेंबर १८७१च्या ग्रहणाला केरळातल्या बेकल किल्ल्यावर, आणि २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला विजयदुर्गावर.

४. मग किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखवले जाणारे ओटे कशाचे?

त्यांची संगती १८९८शी लागते. त्या वर्षी लॉकियर यांची तुकडी विजयदुर्गावर उतरली आणि 'मेलपोमेनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी व खलाशी मदतीला होते. खलाशांना आधी कवायतीसारखा सराव द्यावा लागतो: कोण सेकंद मोजत ओरडणार, कोण काचेची पट्टी बदलणार, कोण प्रभामंडलाचे (खग्रास स्थितीत सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचे) चित्र काढणार. खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची. कुणी गडबडला तर पुन्हा संधी नाही.

पक्का ओटा का लागतो तेही समजून घ्या. लांब नळीचा कॅमेरा किंवा वर्णपटदर्शी नुसत्या मातीवर तिकाटण्याने उभा केला तर माणसाच्या पावलांनीही हलतो, आणि काही सेकंदांच्या छायाचित्रात रेषा फराटली जाते. म्हणून असे जड साहित्य जमिनीत पक्क्या बसवलेल्या बांधकामावर ठेवतात. कट्टे खरेच आहेत. चुकला आहे तो त्यांच्यावर चिकटवलेला सन.

जुन्या इंग्रजी अहवालांत शोधताना एक अडचण येते. तिथे किल्ल्याचे नाव 'विझियाड्रुग' असे लिहिलेले आढळते, त्यामुळे 'विजयदुर्ग' शोधून हाती काही लागत नाही.

५. १८६८ची सावली विजयदुर्गावरून गेली होती का?

हो, तो भाग खग्रास पट्ट्यात होता. याच योगायोगाने १८६८ आणि १८९८ एकमेकांत मिसळायला मदत झाली असावी. तीस वर्षांत एकाच किल्ल्यावर दोन खग्रास ग्रहणे ही दुर्मीळच गोष्ट.

पण ऑगस्टात कोकण किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन कोण बसणार? मोहिमा घाटापलीकडे गेल्या. जॉन हर्शेल (प्रसिद्ध खगोलज्ञ हर्शेल यांचे त्याच नावाचे चिरंजीव) जमखंडीला होते, कॅप्टन हेग विजापूरला, मेजर टेनंट आणि फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला. जमखंडी-विजापूरकडे ढगांनी छळलेच, फटीफटीतून निरीक्षणे झाली. गुंटूरचे आकाश दयाळू निघाले. १८९८चे ग्रहण जानेवारीतले, तेव्हा कोकणचे आकाश स्वच्छ असते. विजयदुर्ग तेव्हा निवडला गेला यात नवल नाही.

६. जान्सेन यांनी गुंटूरला काय केलं?

पिएर जान्सेन गुंटूरमधल्या ल फोशर नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी उतरले होते. ग्रहणात त्यांना रेषा इतक्या झळझळीत दिसल्या की, या ग्रहण सुटल्यावरही दिसायला हव्यात, हे त्यांच्या तिथल्या तिथे लक्षात आले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, सूर्य उगवताच त्यांनी वर्णपटदर्शीच्या फटीतून सूर्याच्या कडेवर नेम धरला आणि तेजःशृंगांच्या रेषा भर उन्हात दिसल्या.

पत्र त्यांनी १९ सप्टेंबरला काकिनाड्याहून पाठवले. समुद्रमार्गे ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोचेपर्यंत लॉकियर यांचेही पत्र येऊन थडकले. २६ ऑक्टोबर १८६८च्या एकाच बैठकीत दोन्ही मांडली गेली. श्रेयाचा तंटा न करता फ्रेंच सरकारने १८७२मध्ये दोघांचेही चेहरे असलेले पदक काढले. मात्र हे पदक ग्रहणाशिवाय तेजःशृंगे पाहण्याच्या पद्धतीसाठी होते, हेलियमसाठी नव्हे. दिनविशेषात "हेलियमच्या शोधाबद्दल पदक" असे येते, ते चूक.

७. ग्रहण नसताना त्या ज्वाला दिसतात कशा? सूर्याच्या उजेडात बुडत नाहीत?

नुसत्या डोळ्याला किंवा साध्या दुर्बिणीला बुडतातच. सूर्याच्या कडेलगतचे आकाश विखुरलेल्या उजेडाने भगभगत असते. पण त्या उजेडात सगळे रंग असतात. तो लोलकातून नेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरतो, आणि पसरला की प्रत्येक जागी फिका पडतो. ज्वालेचा उजेड मोजक्याच रंगांचा. तो कितीही पसरवला तरी त्या रेषा तितक्याच उजळ राहतात, फक्त एकमेकींपासून लांब जातात. एका लोलकाऐवजी एकामागोमाग अनेक लोलक लावत गेले की आकाश विझत जाते आणि रेषा उरतात. लॉकियर ताकदीच्या वर्णपटदर्शीसाठी अडून बसले होते ते यामुळे.

८. 'डी-३' म्हणजे काय? सोडियमच्या रेषेपासून ती किती लांब असते?

सोडियमची पिवळी 'डी' ही खरे तर जोडी आहे: डी-१ ५८९.६ नॅनोमीटरला आणि डी-२ ५८९.० नॅनोमीटरला. हेलियमची पिवळी रेषा ५८७.६ला येते. जवळची तिसरी म्हणून तिला डी-३ म्हटले गेले. म्हणजे सोडियमच्या जोडीपासून अंतर जेमतेम दीड-दोन नॅनोमीटर. दृश्य वर्णपट साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा धरला तर हा सुमारे दोनशेवा भाग. ग्रहणात पाच मिनिटांत हा फरक न कळणे स्वाभाविकच होते.

९. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या नेहमीच्या काळ्या रेषांत हेलियम का नव्हता? आणि नावाला 'इयम' का?

सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान ५,८०० केल्व्हिनच्या आसपास आहे. डी-३ रेषा उमटण्यासाठी हेलियमच्या अणूतला इलेक्ट्रॉन आधी खूप वरच्या पायरीवर चढलेला असावा लागतो, आणि तेवढ्या उष्णतेत तसे अणू जवळपास नसतातच. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे पाव हिस्सा हेलियम असूनही फ्राउनहोफर यांच्या काळ्या रेषांत तो सापडला नाही याचे कारण हे. पृष्ठभागावरच्या तप्त वर्णावरणात आणि तेजःशृंगांत मात्र तो पिवळा चमकतो.

लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत प्रयोगशाळेत हायड्रोजनकडून ही रेषा काढून पाहिली. दाब-तापमान बदलूनही ती निघेना. तेव्हा ग्रीक 'हेलिऑस', म्हणजे सूर्य, यावरून नाव पडले आणि ऑगस्ट १८७१मध्ये विल्यम थॉमसन यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या भाषणात ते जाहीरपणे उच्चारले. 'इयम' हा धातूंच्या नावांचा शेवट. हा वायू निष्क्रिय वायूंच्या घरातला आहे हे तेव्हा माहीत असते तर आर्गॉन-निऑनसारखे 'हेलिऑन' झाले असते. पुढे कुणी ते बदलले नाही.

१०. पृथ्वीवर हेलियम कधी मिळाला?

मार्च १८९५मध्ये, लंडनला. विल्यम रॅम्झी यांनी क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करून निघालेला वायू तपासला. ते आर्गॉन शोधत होते, दिसली पिवळी रेषा. विल्यम क्रुक्स यांनी ती डी-३च असल्याचे मोजून सांगितले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये उप्सालाला क्लेव्ह आणि लँगलेट यांनी स्वतंत्रपणे हेलियम वेगळा केला. युरेनियमच्या खनिजातच तो का, याचे उत्तर नंतर मिळाले: किरणोत्सर्गात निघणारा अल्फा कण म्हणजे हेलियमचेच अणुकेंद्र. खनिजात तो युगानुयुगे साचत राहतो.

११. काही जुन्या ग्रंथांत ग्रहणाची तारीख १७ ऑगस्ट किंवा '१७-१८ ऑगस्ट' दिली आहे. खरी कोणती?

दोन्ही. छपाईची चूक समजून 'दुरुस्त' करू नका. १९२५पूर्वी खगोलशास्त्रज्ञांचा दिवस मध्यरात्री नव्हे तर माध्यान्हीला सुरू होई, म्हणजे रात्रभर वेध घेताना मधेच तारीख पालटत नसे. त्या हिशेबाने १८ ऑगस्टची सकाळ ही १७ ऑगस्टचीच, दुपारपासून वीस-एकवीस तासांवरची वेळ ठरते. टेनंट यांच्या अहवालाच्या नावातच '१७-१८ ऑगस्ट' आहे. १८९८च्या ग्रहणाचेही तसेच: पुण्याचे खगोलज्ञ कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी करमाळ्याजवळ जेऊरला घेतलेल्या वेधांचा अहवाल '२१-२२ जानेवारी' सांगतो.

याच दिनविशेषात मंगळाचा उपग्रह फोबॉस येतो. असाफ हॉल यांनी तो १८७७मध्ये वॉशिंग्टनला शोधला. जुन्या लेखनात १७ ऑगस्ट दिसतो, आजच्या नागरी पद्धतीने १८ ऑगस्ट. दिनविशेषात नागरी तारीख द्यावी.

१२. तिथीने तो दिवस कोणता?

शके १७९०, श्रावण अमावास्या, म्हणजे पोळा. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, त्यामुळे जुन्या नोंदींचा हा फुकटचा ताळा आहे. एखाद्या दिनविशेषात सूर्यग्रहणाच्या तारखेला पंचमी किंवा दशमी निघाली तर तारीख, सन किंवा पंचांग यांपैकी काहीतरी नक्की चुकले आहे. मात्र उलटा हिशेब करू नका: दरवर्षीचा १८ ऑगस्ट अमावास्येला येत नाही.

१३. थायलंडमध्ये याच दिवशी विज्ञान दिन असतो, तो हेलियममुळे का?

नाही, याच ग्रहणामुळे. सयामचे राजे मोंगकुट यांनी स्वतः गणित करून खग्रास पट्टा वा-को या किनाऱ्यावरच्या जागी येणार असे सांगितले आणि पाहुण्यांना घेऊन तिथे तळ ठोकला. गणित बरोबर आले. पण त्या दलदलीच्या जागी त्यांना हिवतापाने गाठले आणि १ ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांचे निधन झाले.

१४. १८ ऑगस्टच्या यादीत आणखी काय घ्यावं, आणि कशात जपावं?

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म (१८७२, कुरुंदवाड) सरळ घ्यावा. 'लुना-२४' हे सोव्हिएत यान चंद्रावर उतरले (१९७६) आणि सुमारे १७० ग्रॅम माती घेऊन परतले, हेही.

थोरल्या बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० हा ग्रेगोरियन पद्धतीने आहे. गोव्यातले पोर्तुगीज तेव्हा हेच कॅलेंडर वापरत, मुंबईतले इंग्रज मात्र जुने ज्युलियन. इंग्रजांच्या कागदात तोच दिवस ७ ऑगस्ट पडेल. याउलट गणितज्ञ ब्रूक टेलर यांची १८ ऑगस्ट १६८५ ही जन्मतारीख ज्युलियन आहे, ग्रेगोरियनने ती २८ ऑगस्ट होते. एकाच यादीत दोन्ही ठेवायच्या असतील तर टेलर यांच्यापुढे 'जुन्या पद्धतीने' असे लिहा.

नेताजींबाबत "१८ ऑगस्ट १९४५ – तैहोकू येथे विमान अपघात" एवढेच लिहिणे उत्तम. शाहनवाझ समिती आणि खोसला आयोगाने अपघाती मृत्यू मान्य केला, मुखर्जी आयोगाने नाही. फळ्यावरच्या एका ओळीत हा वाद मावत नाही.

१५. ते असू दे, फळ्यावर एका ओळीत काय लिहू?

"१८६८ – खग्रास सूर्यग्रहण, गुंटूर येथून जान्सेन यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. याच ग्रहणात पुढे 'हेलियम' ठरलेली पिवळी रेषा दिसली."

विजयदुर्ग हवाच असेल तर तो २२ जानेवारीच्या फळ्यावर घ्या: "१८९८ – खग्रास सूर्यग्रहण; नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून वेध घेतले." १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा करतात, त्यात वावगे काही नाही. भाषणात सन तेवढा नीट सांगावा.

१६. वर्गात डी-३ रेषा दाखवता येईल का?

सूर्यप्रकाशातून नाही (कारण प्रश्न ९मध्ये). हेलियम भरलेली विद्युत्-विसर्जन नळी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असेल तर जमते. तिला काही हजार व्होल्ट लागतात, म्हणून जोडणी शिक्षकांनीच करावी आणि नळी चालू असताना हात लावू नये.

वर्णपटदर्शी घरी होतो: पंचवीस सेंटिमीटर लांबीचा खोका, एका टोकाला फट, दुसऱ्या टोकाला तिरकी बसवलेली सीडी आणि तिच्यावर पाहायला भोक. चुकते ते फटीत. पुठ्ठा कापून केलेली फट सहज अर्ध्या मिलिमीटरची होते आणि मग हेलियम-सोडियम एकच पिवळा पट्टा दिसतो. त्याऐवजी दाढीची दोन पाती समोरासमोर चिकटवावीत, मध्ये वहीचा कागद धरावा आणि पाती पक्की झाली की कागद ओढून काढावा. फट एक दशांश मिलिमीटरच्या आसपास राहते. खोका आतून काळा रंगवा. तो सूर्याकडे कधीही रोखू नका. उजळ आकाश किंवा पांढरी भिंत पुरते.

तुलनेसाठी स्पिरिटच्या दिव्यात मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार धरा. मेणबत्ती चालत नाही, तिची ज्योत मुळातच पिवळी आणि सलग वर्णपटाची असते. नळी मिळाली नाही तर मिठाचीच रेषा दाखवा, पण ती सोडियमची आहे हे सांगून. १८६८मध्ये बहुतेकांनी हेलियमच्या रेषेला सोडियम म्हटले. आपण सोडियमच्या रेषेला हेलियम म्हणायला नको.